वासरास म्होरकीची सवय

जनावरांच्या बाजारात गाय पसंत करताना गिऱ्हाईक वेत विचारते, दूध विचारते, दात पाहते आणि शेवटी एक प्रश्न हमखास करते, "दाव्याला गरीब आहे ना?" या प्रश्नात पुष्कळ अनुभव साठलेला आहे. चांगल्या वंशाची, दुधाला भरपूर अशी गाय केवळ कोणास धरू देत नाही एवढ्यासाठी कमी किमतीत काढून टाकावी लागते, आणि बेताच्या दुधाची परंतु घरातील म्हातारीलाही सोडता-बांधता येणारी गाय गोठ्यात दहा वेते टिकते. असे असूनही वासरू दाव्याला गरीब कसे करावे याचा विचार ते अंगाने दांडगे होईपर्यंत सहसा केला जात नाही. मग चार माणसे व दोन दोर लागतात.

पूर्वी हे शिक्षण वेगळे द्यावे लागत नसे. वासरू जन्मापासून दावणीजवळ वाढे; घरची मुले त्याला ओढ्यावर नेत, आणत, आंजारीत-गोंजारीत. त्यातूनच ते दोरीस सरावे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे मुक्त संचार गोठ्याचा प्रसार झाला आहे. मोकळेपणी फिरणारी, हवे तेव्हा पाणी पिणारी जनावरे अधिक निरोगी राहतात, तेव्हा ही पद्धत स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु अशा गोठ्यातील कालवड माजावर येऊन कृत्रिम रेतनाची वेळ येईपर्यंत तिच्या डोक्याला दोरी म्हणून लागत नाही. ज्या दिवशी लागते, त्या दिवशी तिच्यापाठोपाठ सुई, परका माणूस व आरडाओरडा हेही येतात. दोरी म्हणजे संकट, हा धडा ती एका दिवसात शिकते व तो जन्मभर विसरत नाही.

लसीकरणाच्या दिवशी याचा प्रत्यय गावोगाव येतो. केंद्र शासनाने २०१९ साली राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार लाळ्या-खुरकुतीची लस वर्षातून दोन वेळा द्यावयाची आहे, आणि सांसर्गिक गर्भपाताची लस कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच द्यावयाची आहे. कानात बारा अंकी बिल्लाही मारावा लागतो. म्हणजे प्रत्येक जनावर वर्षातून निदान काही वेळा तरी स्थिर धरावे लागणारच. जे धरता येत नाही ते कित्येकदा तसेच सुटते, आणि रोग नेमका तेथून गोठ्यात शिरतो. धरताना ज्याचे बोट दोराच्या वेढ्यात सापडून तुटले, किंवा फरफटत जाऊन ज्याचा खांदा निखळला, असा एखादा इसम बहुतेक गावांत दाखविता येईल. ग्रामकार्यकर्त्यांनी लसीच्या तारखेआधी महिनाभर या विषयाची चर्चा गावात केली, तर त्या दिवशीचे त्यांचे निम्मे कष्ट वाचतील.

जनावर शिकते कसे

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. दोर ओढल्यामुळे जनावर शिकत नाही. दोर सैल सोडल्यामुळे शिकते. म्होरकीचा ताण बसला की वासरू अस्वस्थ होते व त्यातून सुटण्यासाठी मागे सरकते, मान झाडते, बसकण मारते. यांपैकी ज्या कृतीच्या क्षणी ताण नाहीसा होईल ती कृती त्याच्या मनात पक्की होते. त्याने एक पाऊल पुढे टाकले आणि त्याच क्षणी दोर सैल झाला, तर पुढे येण्यात सुख आहे हे त्याला कळते. त्याने मागे हिसका मारला आणि घाबरून आपण दोर सोडला, तर हिसका मारण्यात सुख आहे हेही त्याला तितक्याच चांगल्या प्रकारे कळते. अडेल म्हणून बदनाम झालेली कित्येक जनावरे मुळात अडेल नसतात. धन्याने नकळत त्यांना तेच शिकविलेले असते.

यास्तव ताण हळूहळू द्यावा, पण सैल मात्र तत्काळ सोडावे. पुष्कळ लोक याच्या नेमके उलट करतात. सुरुवातीला जोराने हिसडा देतात, आणि वासरू चालू लागल्यावरही दोर ताणलेलाच ठेवतात. बिचाऱ्या वासराला चाललो काय आणि उभे राहिलो काय, दोन्ही सारखेच. मग ते उभे राहते.

दुसरी गोष्ट जनावराच्या नजरेची. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे तिला सभोवार जवळजवळ सगळीकडचे दिसते, परंतु शेपटीमागचे आणि अगदी नाकापुढचे दिसत नाही. मागून गुपचूप गेल्यास ती लाथ मारते, यात तिचा काय दोष? तिच्याकडे जावे ते खांद्याच्या बाजूने, तिरपे, हलक्या आवाजात काही बोलत. प्रत्येक जनावराच्या भोवती एक अदृश्य कुंपण असते. परका माणूस त्या मर्यादेच्या आत आला की जनावर दूर सरते, बाहेर गेला की थांबते. वासराच्या बाबतीत ते कुंपण रोज वीतभर आत आणणे हेच पहिल्या आठवड्याचे काम होय. लाल रंगाने जनावर बिथरते ही समजूत मात्र सोडून द्यावी. गाईगुरांना तांबडा रंग आपल्यासारखा वेगळा दिसतच नाही. बिथरविते ते फडफडणारे कापड, मग ते कोणत्याही रंगाचे असो. गोठ्याच्या तारेला अडकलेली प्लास्टिकची पिशवी काढून टाकल्यावर वासरू निमूटपणे दारातून जाऊ लागते, हा नित्याचा अनुभव आहे.

म्होरकी कशी असावी

म्होरकी, किंवा काही भागांत म्हणतात ती मोरकी, लहान वासरासाठी सुमारे १० मिलिमीटर व मोठ्या जनावरासाठी सुमारे १२ मिलिमीटर जाडीच्या दोराची असावी. सुती अथवा अंबाडीचा मऊ वळलेला दोर उत्तम. घायपाताचा दोर बळकट खरा, परंतु नवा असताना त्याचे तंतू टोचतात. तो पाण्यात भिजवून व घासून मऊ करून घ्यावा. नायलॉनचा दोर स्वस्त मिळतो, कुजत नाही, म्हणून तो सर्वत्र दिसू लागला आहे. तो बारीक असल्यास जनावराची कातडी कापतो, आणि हातातून सरकला तर माणसाचा तळहात भाजल्यासारखा सोलवटून काढतो. वापरावयाचाच असेल तर जाड घ्यावा व नाकाडावर येणाऱ्या भागास जुने कापड गुंडाळावे.

नाकाडावरचा पट्टा नाकपुडी व डोळा यांच्या मधोमध, किंबहुना किंचित डोळ्याकडे असावा, म्हणजे तो हाडावर बसतो. खाली घसरून मऊ कुरचेवर आल्यास श्वास कोंडतो व वासरू जिवाच्या भयाने झगडू लागते. डोक्यावरचा पट्टा कानांच्या व शिंगांच्या मागे यावा. हनुवटीखालचा भाग सरकता असावा. दोर ताणल्यावर तो आवळला पाहिजे व सोडताक्षणी आपोआप सैल झाला पाहिजे. ही सैल होण्याची सोय नसेल तर वर सांगितलेले सर्व शिक्षण व्यर्थ आहे. म्होरकी वळणे मात्र कागदावर वाचून जमत नाही. गावात दोर वळणारा कारागीर अथवा एखादा जाणता शेतकरी असतोच, त्याच्याजवळ बसून एकदा हाताने करून पाहावे. दाव्याचा सरकफास गळ्यात घालून वासरू चालविण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्याने वासरू शिकत नाही, गुदमरते.

पहिले पंधरा दिवस

प्रारंभ जितका लवकर तितका चांगला. दीड-दोन महिन्यांचे वासरू एका माणसाला आवरते, सहा महिन्यांचे आवरत नाही. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत माणसाचा हात अंगाला लागलेले वासरू पुढे कमी बुजते, तेव्हा दूध पाजताना, नाळेला औषध लावताना होणारा स्पर्श हा या शिक्षणाचाच भाग समजावा. गळ्याखालची पोळी, मानेची खालची बाजू व शेपटीचे मूळ या जागा खाजविलेल्या वासराला फार आवडतात. कपाळ मात्र कधीही ढकलू नये. मुले गंमत म्हणून वासराच्या कपाळाला तळहात लावून टकरा खेळतात, वासरूही खेळते. तेच वासरू अडीच वर्षांचे झाल्यावर तोच खेळ शिंगांनी खेळू पाहते, तेव्हा त्याला मारके म्हणून दोष दिला जातो.

स्पर्शाची भीती मोडल्यावर बंद आवारात म्होरकी चढवावी व पाऊण-एक हात लांबीचे टोक लोंबते ठेवून वासराला मोकळे सोडावे. चालताना त्याचाच पाय त्या टोकावर पडतो, डोके अडते, ते एक पाऊल मागे घेते आणि ताण सुटतो. ताणापुढे नमल्यास सुटका होते हे ते आपले आपणच शिकते, आणि त्यात माणसाशी झगडा होत नाही. मात्र या वेळी आपण तेथेच थांबावे. दोर खुंट्यात वा गव्हाणीत अडकून वासरू पडण्याचा संभव असतो. काम झाल्यावर म्होरकी काढून ठेवावी.

त्यानंतर बांधण्याचा सराव. खुंटा जमिनीत डगमगणारा नसावा. एकदा खुंटा उपटून पळालेले वासरू पुढे प्रत्येक खुंट्याची परीक्षा पाहते. खांबाला बांधताना वासराच्या डोळ्याच्या उंचीवर, दीड ते दोन फूट दोर ठेवून बांधावे. दोर लांब ठेवला तर पाय अडकतो, फार खाली बांधला तर हिसक्याने मान दुखावते. येथे गाठीला फार महत्त्व आहे. निरगाठ मारू नये, सुरगाठ मारावी. वासरू पडले, मान पिरगळली, तर निरगाठ ताणाने अशी आवळते की विळा शोधण्यात वासरू गतप्राण व्हावे. सुरगाठीचे टोक ओढले की ती क्षणात सुटते. घरातील प्रत्येकास, मुलांनासुद्धा, ही एक गाठ अंधारात मारता व सोडता आली पाहिजे.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे बांधणे पुरे. वासरू ओढील, नाचेल, क्वचित बसेल. या काळात मारू नये, ओरडू नये. जवळपास आपले काम करीत राहावे. ते ओढत असताना सोडू नये. शांत उभे राहिले, दोर सैल झाला, म्हणजे जवळ जाऊन खाजवावे व मग सोडावे. जीव धोक्यात असेल तेवढाच या नियमाला अपवाद. रोज थोडा वेळ दिल्यास बहुतेक वासरे आठवड्याभरात बांधल्या जागी रवंथ करू लागतात. रवंथ करणारे वासरू घाबरलेले नाही एवढे निश्चित समजावे.

चालविताना वासरापुढे उभे राहून, त्याच्या डोळ्यांत पाहत, रस्सीखेच करू नये. जिंकण्याची आशा फक्त पहिल्या दोन महिन्यांपर्यंत असते. त्याच्या डाव्या खांद्याजवळ, ते ज्या दिशेने जावयाचे त्याच दिशेला तोंड करून उभे राहावे. उजवा हात म्होरकीपासून वीतभर अंतरावर, डाव्या हातात उरलेला दोर. सरळ पुढे ओढण्याऐवजी डोके किंचित बाजूला वळवावे. डोके वळले की तोल सांभाळण्यासाठी पाय उचलावाच लागतो. पाय उचलला की दोर सैल. पुन्हा थोडा ताण, पुन्हा एक पाऊल. प्रथम पाण्याकडे वा वैरणीकडे न्यावे, म्हणजे जाण्यास त्याचेही मन असते. सांडपाण्याची मोरी, ओली फरशी किंवा झाडाची काळी सावली आडवी आली तर वासरू थबकते व मान खाली घालून पाहू लागते. ते पाहू द्यावे. अर्ध्या मिनिटाची ही उसंत दिली नाही तर पुढे अर्धा तास जातो.

उरलेला दोर मनगटाला, बोटांना अथवा कमरेला कदापि गुंडाळू नये. घड्या घालून मुठीत धरावा, म्हणजे प्रसंगी मूठ उघडली की तो सुटतो. जनावर सुटून गेले तर संध्याकाळपर्यंत सापडते. त्याचप्रमाणे वासरू मोटारसायकलच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे बांधून "चालायला शिकविण्याची" जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती शिक्षण नव्हे, छळ होय. यंत्राला वासराचे पाऊल उचललेले समजत नाही व दोर सैलही सोडता येत नाही. दीर्घकाळ अवाजवी आखूड दोराने जनावर बांधून ठेवणे हा तर प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० अन्वये अपराध आहे.

वेसण आणि म्होरकी

शेतकरी बंधू येथे विचारतील की, शेवटी बैलाला वेसण घालावयाचीच आहे, तर म्होरकीचा एवढा खटाटोप कशाला? या शंकेत तथ्य आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट दिले पाहिजे. नाकातील पडदा हा जनावराच्या शरीराचा अत्यंत हळवा भाग आहे. तेथे ओढले की जनावर वेदनेने नमते, हे खरे. परंतु ज्या खोंडाला ताण व सैल यांचा अर्थच ठाऊक नाही त्याच्या नाकात वेसण घातली, तर त्याला वेदना तेवढी कळते, काय करावे हे कळत नाही. असे खोंड पुढे डोके वर धरून, डोळे पांढरे करून काम करते व माणसाचा हात नाकाजवळ आला की झडप घालते. म्होरकीवर तयार झालेल्या खोंडास वेसण घातल्यावर तिचा उपयोग क्वचितच करावा लागतो. जखम पूर्ण भरून येईपर्यंत वेसणीवर ताण देऊ नये, त्या काळात म्होरकीनेच काम घ्यावे. म्हणजे म्होरकीचे शिक्षण येथेही आधी हवेच. वेसण टोचण्याचे काम स्वच्छ हत्याराने, शक्यतो पशुवैद्यकाकडून करून घ्यावे. टोकदार आर किंवा काटे असलेले साहित्य जनावर हाकताना वापरण्यास तर १९६५ च्या नियमांनीच मनाई केली आहे.

खिल्लार खोंडे मुळातच तडफदार व चटकन बुजणारी असतात. त्यांना हा सराव फार सौम्यपणे व अधिक दिवस द्यावा लागतो. डांगी किंवा देवणी जनावर स्वभावाने पुष्कळ शांत, त्यामुळे ते लवकर सरावते. जू मानेवर ठेवण्याची वेळ आल्यावर शिकाऊ खोंडास मुरलेल्या बैलाच्या जोडीला चालवावे. बाकीचे तो बैलच शिकवितो.

वळू म्हणून राखावयाच्या गोऱ्ह्याबाबत एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. आईविना बाटलीवर वाढविलेला, एकटाच माणसांत राहिलेला गोऱ्हा लाडका होतो व माणसास भीत नाही. परंतु वयात आल्यावर तो माणसालाच आपला प्रतिस्पर्धी समजू लागतो. रानवट वळूपेक्षा हा अधिक धोक्याचा. त्यास इतर वासरांबरोबर वाढवावे, म्होरकीवर चालवावे, परंतु त्याच्याशी खेळू नये, आणि मोठा झाल्यावर एकट्या माणसाने केवळ म्होरकीच्या भरवशावर त्याला सोडू नये.

दुभती व इतर जनावरे

दुभत्या गाई-म्हशींत या शिक्षणाचे फळ धारेच्या वेळी दिसते. जनावर घाबरले म्हणजे त्याच्या रक्तात जे द्रव्य उतरते, ते पान्हा सोडविणाऱ्या द्रव्याच्या कार्यास अडथळा करते. पहिलारू गाय पान्हा चोरते अशी तक्रार येते तेव्हा तिची कास तपासण्याबरोबरच तिला विण्यापूर्वी कोणी हात लावला होता काय, हेही विचारावे. कालवड गाभण असताना पहिल्या सहा-सात महिन्यांतच म्होरकीची व कासेला हात लावू देण्याची सवय लावावी; शेवटच्या दोन महिन्यांत ओढाताण नको. कोल्हापूर शहरात दुधाच्या कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढण्याची प्रथा आहे. वाहनांचे आवाज, माणसांची ये-जा चालू असताना ती म्हैस निवांत पान्हा सोडते, हे माणसाळलेपण काय करू शकते याचे बोलके उदाहरण होय.

म्हशीस ऊन सोसत नाही, म्हणून रेडकांचा सराव सकाळी लवकर किंवा पाण्यातून आल्यावर घ्यावा. पंढरपुरी म्हशीची शिंगे खांद्यापलीकडे गेलेली असतात. तिची म्होरकी शिंगांच्या मुळापाशी नीट बसते की नाही हे पाहणे अगत्याचे असते. शिंगरास आरंभी खांबाला घट्ट बांधू नये, त्याची मान कोवळी असते. एक दोर ढुंगणामागून घेऊन मागून हलकेच पुढे सारावे. शेळीला गळ्यातील रुंद पट्टा पुरतो. मेंढीला लोकरीस धरून ओढू नये, कातडीखाली रक्त साकळते. एक हात जबड्याखाली व दुसरा शेपटीपाशी ठेवून चालविल्यास ती सहज चालते.

बाजारातून आणलेल्या मोठ्या, अशिक्षित गाईस पहिले तीन-चार दिवस काहीच शिकवू नये. वाहनाचा प्रवास, परके पाणी, परका कळप यांतून ती सावरू द्यावी, मग वासरासारखाच आरंभ करावा. वेळ दुप्पट-तिप्पट लागेल. तिची जुनी म्होरकी गोठ्यातील दुसऱ्या जनावरास घालू नये. गजकर्ण वासरांत म्होरकी व खराऱ्याच्या साधनांवाटे पसरते आणि माणसासही होते. प्रत्येक जनावराची म्होरकी वेगळी ठेवून ती अधूनमधून धुऊन कडक उन्हात वाळवावी.

वाढत्या वासराच्या डोक्यावर म्होरकी कायम ठेवण्याची चाल असेल तर दर पंधरवड्यास पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहावे. बोटे शिरत नसतील तर त्याच वेळी सैल करावी. कातडीत रुतलेली म्होरकी, तिच्याखाली चिघळून किडे पडलेली जखम, हे दृश्य वर्षातून अनेकदा पाहावे लागते, आणि बहुधा धनी सांगतो की पोळ्याला तर नवी घातली होती. पोळ्याला किंवा बेंदराला घातलेली म्होरकी मोठ्या बैलाला पुढच्या सणापर्यंत चालते. सहा महिन्यांच्या वासराला ती दिवाळीलाच आखूड होते.